क्वांटम चुंबकांतील उष्णतावहन: वजाबाकी सांभाळून मोजमाप कसे करावे

स्पिन-साखळ्या आणि स्पिन-शिड्या असलेल्या पदार्थांतून उष्णता कशी वाहते, हा विषय नव्याने हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख लिहिला आहे. एमएस्सीच्या पातळीचे घनपदार्थ भौतिकशास्त्र माहीत आहे, पण क्रायोस्टॅटमध्ये स्वतःच्या हाताने स्फटिक अजून बसवलेला नाही, असा वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. चुंबकीय उष्णतावाहकता कोणत्याही उपकरणावर थेट दिसत नाही. उपकरण फक्त एकूण उष्णतावाहकता सांगते आणि तिच्यातून स्फटिकाच्या जाळीने वाहून नेलेला भाग आपल्याला वजा करावा लागतो. म्हणजे आपण ज्याला निष्कर्ष म्हणतो ती एक वजाबाकी असते, आणि स्फटिक वाढवण्यापासून आलेख काढण्यापर्यंतची प्रत्येक कृती ती वजाबाकी बिघडू नये यासाठी करायची असते.

पहिली पायरी: उष्णता कोण वाहून नेते ते समजून घ्या

विद्युतरोधक स्फटिकात मुक्त इलेक्ट्रॉन नसतात, त्यामुळे उष्णता वाहण्याचे काम प्रामुख्याने अणूंच्या सामूहिक कंपनांकडे, म्हणजे फोनॉनांकडे असते. परंतु पदार्थ चुंबकीय असेल तर शेजारच्या स्पिनांमधील बंधामुळे स्पिनांचे विचलनही एका जागेवरून दुसरीकडे सरकते आणि आपल्याबरोबर ऊर्जा नेते. ही शक्यता फ्रोलिश आणि हाइटलर यांनी १९३६ सालीच मांडली होती. नेहमीच्या त्रिमितीय चुंबकांत मात्र हा वाटा ओळखण्यासाठी बहुधा काही केल्व्हिनपर्यंत खाली जावे लागते. १९६२ साली लुथी यांनी यिट्रियम-लोह गार्नेटवर केलेली मोजमापे याच पट्ट्यातली होती. तांब्याच्या ऑक्साइडांमध्ये चित्र पालटते. त्यांच्यातील काही पदार्थांत शेजारच्या दोन तांब्यांमधील स्पिनबंध २००० केल्व्हिनच्याही पुढे जातो, त्यामुळे खोलीच्या तापमानालासुद्धा ही स्पिनव्यवस्था क्वांटम अर्थाने थंडच असते.

‘कमी मितीचा’ पदार्थ म्हणजे पातळ पापुद्रा किंवा बारीक तार असा समज पुष्कळांचा होतो. तसे नाही. स्फटिक चांगला हातात धरता येईल एवढा त्रिमितीयच असतो, पण त्यातील स्पिन एकाच दिशेला एकमेकांशी घट्ट बांधलेले असतात आणि बाकीच्या दिशांना जवळजवळ अनोळखी असतात. दोन स्ट्रॉन्शियम, एक तांबे आणि तीन ऑक्सिजन असलेल्या क्युप्रेटमध्ये साखळीतील बंध २००० केल्व्हिनहून मोठा असूनही साऱ्या साखळ्या मिळून चुंबकीय सुव्यवस्था येते ती थेट ५.४ केल्व्हिनला. या दोन आकड्यांतील अंतर हेच त्या पदार्थाच्या एकमितीयतेचे माप आहे.

अशा साखळीत एक स्पिन उलटवला की ते विचलन एकसंध राहत नाही. ते दोन अर्ध-स्पिन कणांत फुटते आणि ते कण एकमेकांपासून स्वतंत्रपणे दूर जातात. त्यांना स्पिनॉन म्हणतात. बेथे यांनी १९३१ साली या साखळीचे अचूक उत्तर शोधण्याची रीत दिली, पण तिच्यातील मूलभूत उत्तेजनांचा स्पिन अर्धा असतो हे फादेयेव आणि तख्ताजान यांनी १९८१ साली स्पष्ट केले. स्पिन-शिडीत, म्हणजे दोन साखळ्या आडव्या पायऱ्यांनी जोडलेल्या असतात तिथे, हेच स्पिनॉन पुन्हा जोडीने बांधले जातात आणि सर्वांत कमी ऊर्जेचे उत्तेजन निर्माण करण्यासाठीही ठरावीक ऊर्जा मोजावी लागते. तिला स्पिन-अंतराळ म्हणू या. पुढे पदार्थ निवडताना हा फरक कामाला येईल.

दुसरी पायरी: अक्षय्यतेचा नियम संगणकावर स्वतः पडताळा

या क्षेत्राचे आकर्षण एका विलक्षण गोष्टीत आहे. अर्ध-स्पिनांच्या आदर्श हायझेनबर्ग साखळीत एकूण ऊर्जाप्रवाह ही अक्षय्य राशी आहे. एकदा सुरू झालेला ऊर्जाप्रवाह साखळीतील स्पिनांच्या आपापसांतील टकरींमुळे अजिबात क्षीण होत नाही, म्हणून तत्त्वतः तिची उष्णतावाहकता अनंत ठरते. झोटोस, नाएफ आणि प्रेलोव्शेक यांनी १९९७ साली अक्षय्यता आणि वहन यांचा हा संबंध ठळकपणे मांडला. क्लुम्पर आणि साकाई यांनी २००२ साली त्याचे तापमानानुसार बदलणारे नेमके मूल्य काढले. प्रत्यक्ष स्फटिकात मोजलेली संख्या अर्थातच सांत असते, आणि ती सांत का आहे याचे उत्तर साखळीच्या बाहेर शोधावे लागते: अशुद्धीत, फोनॉनांत किंवा शेजारच्या साखळ्यांशी असलेल्या अंधूक नात्यात.

हे वाचून मान डोलावण्यापेक्षा स्वतः करून पाहावे असा माझा आग्रह आहे. बारा स्पिनांची एक बंद साखळी घ्या. तिच्या एकूण अवस्था ४०९६ होतात आणि तेवढा मॅट्रिक्स साध्या लॅपटॉपवर मावतो. ऊर्जाप्रवाहाचा कारक लगतच्या तीन-तीन स्पिनांच्या अदिश त्रिगुणाकारांची बेरीज करून मिळतो. हा कारक आणि हॅमिल्टोनियन यांचा क्रमविनिमयक काढा. तो संगणकाच्या अचूकतेपर्यंत शून्य येतो. आता साखळीत एक स्पिन सोडून पुढच्या स्पिनाशी असलेला बंध थोडासा मिसळा आणि तेच गणित पुन्हा करा. शून्य नाहीसे होते. हा दुसरा बंध पहिल्याच्या बरोबर निम्मा ठेवला तर जे प्रारूप मिळते ते चंचल कुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी १९६९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना मांडले होते. त्याची मूळ अवस्था अचूक सांगता येते, ती शेजारच्या स्पिनांच्या जोड्यांची असते, पण ऊर्जाप्रवाह मात्र अक्षय्य राहत नाही. अचूक उत्तर आणि अक्षय्य प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका उदाहरणातून जसे मनावर ठसते तसे व्याख्येतून ठसत नाही.

वीस स्पिनांवर जाण्याची घाई करू नका. अवस्था १०,४८,५७६ होतात आणि पूर्ण मॅट्रिक्स साठवायचा तर सुमारे ९ टेराबाइट लागतात. तिथे सममिती वापरून मॅट्रिक्सचे तुकडे पाडणे किंवा घनता-मॅट्रिक्स पुनर्सामान्यीकरणाची पद्धत वापरणे आवश्यक ठरते.

तिसरी पायरी: पहिला पदार्थ म्हणून शिडी निवडा, साखळी नव्हे

नवशिक्याचे मन साहजिकच साखळीकडे ओढले जाते, कारण सिद्धान्त तिचाच सर्वांत सुंदर आहे. माझे मत याच्या उलट आहे. साखळीतील स्पिनॉनांना ऊर्जेचा उंबरठा नसतो, त्यामुळे त्यांचा वाटा अगदी कमी तापमानापासून सुरू होतो आणि नेमका फोनॉनांच्या शिखराजवळ येऊन त्यात मिसळतो. दोन मोठ्या संख्यांतून एक वजा करून दुसरी काढायची आणि दोन्ही एकाच तापमानाला मोठ्या, ही परिस्थिती पहिल्या मोजमापासाठी योग्य नव्हे.

शिडीत मात्र स्पिन-अंतराळ सुमारे ४०० केल्व्हिनचा असतो. कमी तापमानाला चुंबकीय वाहक जवळजवळ नसतातच, त्यामुळे २० ते ३० केल्व्हिनच्या आसपासचे शिखर निखालस फोनॉनांचे असते. मग वक्र खाली येतो, आणि १५० केल्व्हिनच्या आसपास दुसरे, रुंद शिखर वर उठते. पायऱ्यांच्या दिशेने मोजले तर हे दुसरे शिखर दिसतच नाही. इतका स्वच्छ पुरावा या क्षेत्रात फार थोड्या ठिकाणी मिळतो. हा शोध लागला तो १४ स्ट्रॉन्शियम, २४ तांबे आणि ४१ ऑक्सिजन अशा लांबलचक सूत्राच्या कुळात, ज्याला प्रयोगशाळांतून ‘टेलिफोन नंबर’ असेच म्हणतात. २००० साली झुरिकच्या गटाने आणि २००१ साली जर्मनीतील हेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी याची सविस्तर मोजमापे प्रसिद्ध केली.

याच कुळातही निवड जपून करावी. केवळ स्ट्रॉन्शियम असलेल्या पदार्थात विद्युतभाराच्या पोकळ्या जन्मतःच असतात, त्यांतील काही शिडीवर येतात आणि मॅग्नॉनांना, म्हणजे शिडीतील चुंबकीय उत्तेजनांना, अडवतात. स्ट्रॉन्शियमच्या जागी पाच लॅन्थॅनम आणि नऊ कॅल्शियम घातले की शिडी पोकळ्यांपासून मोकळी होते आणि शिडीच्या दिशेची वाहकता प्रति मीटर-केल्व्हिन १०० वॉटच्या घरात जाते. ठिसूळ, काळ्या रंगाच्या, वीज न वाहणाऱ्या ऑक्साइडसाठी ही संख्या असाधारण आहे. तांब्याच्या धातूची खोलीच्या तापमानाची वाहकता सुमारे ४०० आहे हे लक्षात घेतले म्हणजे तिचे महत्त्व कळते. पहिले सहा महिने या पदार्थावर हात बसवा आणि मग साखळीकडे वळा.

चौथी पायरी: स्फटिक, आणि त्याआधी त्याची पूड

हे स्फटिक बहुधा प्रकाशीय भट्टीत, तरंगत्या वितळपट्ट्याच्या पद्धतीने वाढवले जातात. दाबून भाजलेली कांडी उभी टांगतात, हॅलोजन दिव्यांचा प्रकाश आरशांनी तिच्या एका बिंदूवर एकवटतात आणि वितळलेला थेंब दोन कांड्यांच्या मध्ये केवळ पृष्ठताणावर धरून अत्यंत सावकाश सरकवतात. साखळीचे क्युप्रेट वितळताना विघटित होतात, म्हणून थेंबात तांब्याचे ऑक्साइड जास्त ठेवावे लागते आणि वेग ताशी एक मिलिमीटरच्या आसपास ठेवावा लागतो. मूस लागत नसल्याने मुशीतली अशुद्धी स्फटिकात येत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. महाराष्ट्रात पुण्याच्या आयसरमध्ये क्वांटम चुंबकांचे स्फटिक अशा भट्टीत वाढवले जातात. ज्यांना शक्य असेल त्यांनी एकदा तरी तो थेंब काळ्या काचेतून तासभर पाहावा. स्फटिकाविषयीचा आदर तिथे निर्माण होतो.

शुद्धतेचा प्रश्न मात्र भट्टीच्याही आधी, पुडीच्या बाटलीपाशी सुरू होतो. साध्या हिशेबाने पाहा. साखळीत तांब्यांमधील अंतर सुमारे ३.९ अँगस्ट्रॉम आहे. पूड ९९ टक्के शुद्ध असेल आणि सगळी अशुद्धी तांब्याच्या जागी बसली असे मानले, तर दर शंभर तांब्यांमागे एक अडथळा येतो, म्हणजे स्पिनॉनाला मोकळे धावायला ३९० अँगस्ट्रॉम मिळतात. पूड ९९.९९ टक्के शुद्ध असेल तर हेच अंतर सुमारे ४ मायक्रोमीटर होते. त्रिमितीय स्फटिकात वाहक अडथळ्याला वळसा घालू शकतो. साखळीत वळसा घालायला जागाच नसते. म्हणूनच द्रेस्देनच्या गटाने २०१० साली एक स्ट्रॉन्शियम, एक तांबे आणि दोन ऑक्सिजन असलेल्या क्युप्रेटवर ९९.९९ टक्के शुद्धतेच्या पुडीपासून वाढवलेला स्फटिक मोजला तेव्हा कमी शुद्ध स्फटिकाच्या तुलनेत चुंबकीय वाटा प्रचंड वाढलेला दिसला आणि मुक्त पथ एका मायक्रोमीटरहून मोठा निघाला. अक्षय्यतेचा नियम खऱ्या स्फटिकात पाहायला मिळाला तो रसायनांच्या शुद्धतेमुळे. स्वस्त पूड घेऊन वाचवलेले पैसे या विषयात कधीच वाचत नाहीत.

साठवणीकडेही लक्ष द्या. दोन-एक-तीन सूत्राचा साखळी-क्युप्रेट दमट हवेत बिघडतो. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात तो टेबलावर उघडा ठेवणे म्हणजे त्याचा पृष्ठभाग गमावणे. सिलिका जेल ताजे असलेल्या डेसिकेटरमध्ये तो ठेवावा आणि कापताना, घासताना पाणी टाळून तेल किंवा निर्जल अल्कोहोल वापरावे.

पाचवी पायरी: कापणी आणि जोडणी

एकाच वाढीतून, शक्यतो शेजारच्या तुकड्यांतून, दोन पट्ट्या कापा: एक साखळीच्या किंवा शिडीच्या दिशेला लांब, दुसरी तिला काटकोनात. दुसरी पट्टी पुष्कळजण ‘नंतर करू’ म्हणून मागे ठेवतात. ती वजाबाकीतली वजा करायची संख्या आहे, म्हणून तिचे मोल पहिलीइतकेच आहे. लाउए पद्धतीच्या क्ष-किरण छायाचित्राने दिशा पक्की करा. वाहकतेत दिशेनुसार दहा-वीस पटींचा फरक असताना काही अंशांची चूकसुद्धा काटकोनातल्या मोजमापात चुंबकीय वाटा घुसवते.

पट्टीचे साधारण माप ३ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद व जाड असे धरू. एक टोक तांब्याच्या थंड ठोकळ्याला चिकटवतात, दुसऱ्या टोकावर काही किलोओहमचा छोटा चिप-रोधक तापक म्हणून बसवतात आणि मधल्या भागात दोन ठिकाणी तापमानातील फरक मोजतात. हा फरक मोजण्यासाठी क्रोमेल आणि ०.०७ टक्के लोखंड मिसळलेले सोने यांचे थर्मोकपल कमी तापमानालाही चांगली संवेदनशीलता देते. तापकाच्या तारा मँगॅनिनच्या, केसासारख्या बारीक आणि काही सेंटिमीटर लांब घ्या. तांब्याची तेवढीच तार त्यापेक्षा पंधरा-वीस पट अधिक उष्णता चोरते.

आता सिल्व्हर इपॉक्सीच्या त्या दोन ठिपक्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत मोठी चूक तिथेच होते. सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी आडवी ठेवलेली असते. मिसळल्यावर इपॉक्सी पहिल्या काही मिनिटांत फार पातळ असते आणि टेकवताच पसरते. थोडे थांबल्यावर ती मधासारखी होते आणि बारीक तारेच्या टोकाने उचलली की ठिपका जागच्या जागी बसतो. ती वेळ ओळखायला शिका. तारेचे टोक वरून सरळ खाली आणा, पट्टीला स्पर्श होताच हात थांबवा, आणि बाजूला न ओढता सरळ वर न्या. ठिपका पट्टीच्या पूर्ण रुंदीवर आडवा, रेषेसारखा असावा. ठिपक्यांच्या मध्यांतील अंतर दीड मिलिमीटर आणि प्रत्येक ठिपक्याची रुंदी ०.१५ मिलिमीटर असेल तर केवळ ‘अंतर कुठून कुठे मोजायचे’ या प्रश्नातूनच १० टक्क्यांची अनिश्चितता येते. ती टाळता येत नाही, पण स्थिर ठेवता येते. जोडणी झाल्यावर सूक्ष्मदर्शकातून मापपट्टीसह छायाचित्र काढा आणि त्याच छायाचित्रावरून अंतर मोजा.

सहावी पायरी: मोजमाप आणि प्रारणाचा फसवा चढ

निर्वात मिलिबारच्या दहा हजाराव्या भागापेक्षा चांगला झाल्यावरच थंड करायला सुरुवात करा. उरलेला वायू पट्टीला समांतर दुसरा मार्ग तयार करतो. प्रत्येक तापमानाला ठोकळा स्थिर होऊ द्या, तापक बंद असतानाचे थर्मोकपलचे शून्य नोंदवा, मग तापक सुरू करा. वाहकता १०० असेल, वर दिलेली मापे असतील आणि ०.३ केल्व्हिनचा फरक हवा असेल तर ५ मिलिवॉट पुरतात, म्हणजे एक किलोओहमच्या तापकातून सव्वादोन मिलिअँपियरच्या आसपास प्रवाह. फरक पट्टीच्या तापमानाच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे नेऊ नका. तापकाची शक्ती दुप्पट केल्यावर फरकही नेमका दुप्पट झाला पाहिजे. ही तपासणी निदान तीन-चार तापमानांना करावीच.

माझ्या स्वतःच्या सुरुवातीच्या काळातला एक अनुभव सांगतो. काटकोनातल्या पट्टीची वाहकता १५० केल्व्हिननंतर हळूहळू चढताना दिसली आणि काटकोनातही चुंबकीय वहन सापडले, या आनंदात मी चार दिवस काढले. पट्टीभोवती त्याच तापमानाचे तांब्याचे आवरण बसवून पुन्हा मोजल्यावर तो चढ बहुतांश नाहीसा झाला. तो पट्टीच्या आणि तापकाच्या पृष्ठभागावरून निसटणाऱ्या प्रारणाचा होता.

याचा हिशेब प्रत्येकाने आधीच करून ठेवावा. ३०० केल्व्हिनला, पृष्ठभाग पूर्ण काळा मानला तर, आपल्या पट्टीच्या सहा चौरस मिलिमीटर बाजूंवरून दर केल्व्हिन फरकामागे सुमारे ३७ मायक्रोवॉट उष्णता निसटू शकते. पट्टीची वाहकता ५ असेल तर तिच्यातून वाहणारी उष्णता दर केल्व्हिनमागे सुमारे ४२० मायक्रोवॉट असते. पट्टीचा सरासरी भाग निम्म्या फरकावर असतो हे धरूनही चूक चार टक्क्यांच्या वर जाते, आणि तापकाचा पृष्ठभाग मिळवला की आणखी वाढते. वाहकता १०० असलेल्या पट्टीत हीच चूक नगण्य असते. म्हणजे प्रारणाचा त्रास होतो तो नेमका काटकोनातल्या पट्टीला, जिला आपण पार्श्वभूमी म्हणून वजा करणार आहोत. पार्श्वभूमी फुगली की चुंबकीय वाटा आक्रसतो. हा परिणाम तापमानाच्या घनाने वाढतो, म्हणून ३० केल्व्हिनला तो हजार पटींनी कमी असतो आणि तिथे त्याची चिंता करण्याचे कारण नाही. उपाय साधे आहेत: जाड आणि आखूड पट्टी, छोटा तापक, पट्टीजवळ आवरण.

सातवी पायरी: वजाबाकी

शिडीच्या बाबतीत दोन मार्ग आहेत. पहिल्यात काटकोनातल्या पट्टीचा वक्र थोड्या गुणाकाराने जुळवून शिडीच्या दिशेच्या कमी तापमानाच्या शिखरावर बसवतात आणि मग सर्व तापमानांना वजा करतात. दुसऱ्यात त्या शिखरावर कॅलवे यांचे १९५९ सालचे फोनॉन-प्रारूप बसवून ते वरच्या तापमानापर्यंत लांबवतात. दोन्ही करा आणि दोन्ही उत्तरांमधील फरक हीच आपली अनिश्चितता म्हणून आलेखावर दाखवा. १५० केल्व्हिनच्या पुढे दोन्ही उत्तरे जवळ येतात, कारण तिथे फोनॉनांचा वाटा मुळातच थोडा असतो. ६० ते ८० केल्व्हिनच्या दरम्यान मात्र ती दूर जातात आणि त्या पट्ट्यातून काढलेल्या स्पिन-अंतराळावर फार विसंबू नये.

साखळीत यापेक्षा अधिक संयम लागतो. काटकोनातले फोनॉन आणि साखळीच्या दिशेचे फोनॉन सारखेच आहेत हे गृहीतक तिथे खूप भार वाहते. शिवाय साखळीच्या दिशेने फोनॉन स्पिनॉनांवरही आदळतात, म्हणजे ज्याला आपण वजा करतो तोच भाग चुंबकत्वाने बदललेला असतो. अतिशुद्ध स्फटिकात चुंबकीय वाटा इतका मोठा असतो की या शंकेने निष्कर्ष ढळत नाही. मध्यम शुद्धतेच्या स्फटिकात तो ढळू शकतो.

आठवी पायरी: मुक्त पथ काढा

वजाबाकीतून आलेल्या संख्येचा अर्थ मुक्त पथात कळतो. साखळीसाठी विशिष्ट उष्णता, वेग आणि मुक्त पथ यांचा गुणाकार म्हणजे वाहकता. त्रिमितीय सूत्रातला एक-तृतीयांश इथे नसतो. कमी तापमानाला एक रम्य गोष्ट घडते. स्पिनॉन जितका वेगवान तितकी त्याची विशिष्ट उष्णता कमी, आणि गुणाकारात वेग पूर्णपणे कटून जातो. स्पिनबंध २२०० केल्व्हिन धरला तर स्पिनॉनाचा वेग सेकंदाला पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे फोनॉनांच्या अनेक पटींनी येतो, पण उत्तरात त्याचे नाव राहत नाही. उरतात ते फक्त मूलभूत स्थिरांक, तापमान, मुक्त पथ आणि एकक क्षेत्रफळातून जाणाऱ्या साखळ्यांची संख्या.

एक-एक-दोन सूत्राच्या साखळी-क्युप्रेटमध्ये साखळ्यांना काटकोनात असलेल्या एकक-पेशीच्या बाजू ३.५७ आणि १६.३ अँगस्ट्रॉम आहेत आणि तेवढ्या जागेतून चार साखळ्या जातात. हे आकडे घालून एक सुटसुटीत नियम मिळतो: चुंबकीय वाहकता म्हणजे १३ गुणिले केल्व्हिनमधील तापमान गुणिले मायक्रोमीटरमधील मुक्त पथ. ४० केल्व्हिनला एक मायक्रोमीटर मुक्त पथ असेल तर उत्तर ५२० वॉट प्रति मीटर-केल्व्हिन येते. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, कारण मोजमापातली दहापटीची चूक तो क्षणात पकडतो.

मुक्त पथ तापमानाबरोबर कसा घटतो तेही पाहा. त्याचा व्यस्त दोन भागांची बेरीज असतो: एक अशुद्धीमुळे येणारा स्थिर भाग आणि दुसरा फोनॉनांशी होणाऱ्या टकरींचा, जो तापमानाबरोबर घातांकी पद्धतीने वाढतो. साखळी-क्युप्रेटांत या दुसऱ्या भागाचे वैशिष्ट्यपूर्ण तापमान सुमारे २०० केल्व्हिन येते. ही ऊर्जा फोनॉनांच्या पट्ट्यातली आहे, स्पिनबंधाच्या नव्हे. स्पिनॉन एकमेकांना अडवत नाहीत या सिद्धान्ताशी हे सुसंगत आहे. वेगवेगळ्या लेखांतील मुक्त पथांची तुलना करण्याआधी प्रत्येकाची व्याख्या तपासा. दोनच्या गुणकाचा गोंधळ या विषयात नेहमीचा आहे.

नववी पायरी: मुद्दाम बिघडवून पाहा

आलेला मुक्त पथ खरा आहे का, याची सर्वांत प्रामाणिक कसोटी म्हणजे ज्ञात अडथळे घालणे. शिडीत तांब्याच्या जागी थोडे अचुंबकीय जस्त घातल्यावर मॅग्नॉनांचा मुक्त पथ जस्तांमधील सरासरी अंतराशी जुळला, हा निकाल मला या क्षेत्रातला सर्वांत पटणारा वाटतो. रसायनतज्ज्ञाने ठरवलेले अंतर आणि उष्णतेने मोजलेले अंतर एकच निघते. साखळीत स्ट्रॉन्शियमच्या जागी कॅल्शियम घातले तर तांब्याला धक्का लागत नाही, फक्त बंधांची मापे जागोजागी किंचित बदलतात. तेवढ्यानेही चुंबकीय वाटा झपाट्याने कोसळतो. अशी मालिका करायची तर सर्व पट्ट्या एकाच भट्टीत, एकाच पुडीपासून वाढवलेल्या असाव्यात.

दहावी पायरी: नोंदी आणि स्फटिक जपा

अतिशय कमी तापमानाच्या मोजमापांत, जिथे तापमान शून्याकडे नेताना वाहकता भागिले तापमान ही राशी शून्य होते की नाही यावरून स्पिन-द्रवाविषयी, म्हणजे शून्य तापमानालाही स्पिन सुव्यवस्थित न होणाऱ्या अवस्थेविषयी, निष्कर्ष काढतात, एक घटना प्रत्येक नवशिक्याने माहीत करून घ्यावी. पॅलेडियम असलेल्या एका सेंद्रिय द्विमितीय क्षारात ही राशी शून्य होत नाही, असे एका जपानी गटाने २०१० साली प्रसिद्ध केले. २०१९ साली कॅनडा आणि चीनमधील दोन गटांनी तोच पदार्थ मोजला आणि त्यांना ती राशी शून्याकडे जाताना दिसली. पुढे स्फटिक किती वेगाने थंड केला यावर उत्तर अवलंबून असू शकते असे जपानी गटाने दाखवले. सर्व मोजमापे काळजीपूर्वक केलेली होती. फरक पडला तो जी गोष्ट नोंदवणे तोवर कुणाला आवश्यक वाटले नव्हते तिच्यामुळे.

म्हणून वहीत पुडीचा बॅच क्रमांक, भट्टीचा वेग आणि वायू, कांडीच्या कोणत्या टोकाकडून पट्टी कापली, दर मिनिटाला किती केल्व्हिनने थंड केली, ठिपक्यांचे छायाचित्र आणि तापक बंद असतानाची प्रत्येक शून्यनोंद लिहा. मोजमाप झाल्यावर पट्टीवरचे ठिपके तसेच राहू द्या, ती लहान काचेच्या नळीत घालून वर नाव, दिशा आणि तारीख लिहा आणि डेसिकेटरमध्ये परत ठेवा, कारण वर्षभराने तुमच्या संख्येवर कुणी शंका घेतली तर पुन्हा क्रायोस्टॅटमध्ये बसवायची आहे ती हीच पट्टी.